रुखवतातला गेम

शहापूरच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात नव्या व्हिडिओ गेमचं चित्र लागलं की दुकानदाराला गिऱ्हाइकापेक्षा चंदर वेखंडेची धास्ती जास्त. गिऱ्हाईक भाव विचारून आपल्या वाटेने जातं. चंदर मात्र हातातली पिशवी खाली ठेवतो, मान तिरकी करून चित्राकडे बघतो आणि कोणी विचारलं नसलं तरी मत देतो.

"हा काळा उभा ठेवायचा म्हणतात. उभा ठेवला तर पोरं वायरीत पाय अडकवून पाडणार, आडवा ठेवला तर मांजर वर बसणार. गरम राहतो ना. मांजराला काय, चूलच ती."

"आणि तो जांभळा, चंदरदादा?" दुकानातलं कोणीतरी मुद्दाम टोचतं.

"तो गेम नाय, जेवणाचा डबा हाय. कडी पण दिलीय बघ. कामाला जाताना न्यावा."

"पांढरा घेऊ का मग?"

"घे की. आपल्या घरातला धूर नि तो पांढरा रंग. दोन दिवाळ्या गेल्या की बिडी ओढणाऱ्याच्या दातासारखा दिसायला लागंल."

लोक हसतात. चंदरही हसतो, पण त्याचं मत खरंच तसं असतं. गंमत अशी की या माणसाने जन्मात एकदाही गेम खेळलेला नाही. शिंप्याने माणूस न बघता नुसता सदरा बघावा, तसं त्याचं आहे. आत काय पळतं, काय उडतं, कोण मरतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला दिसते ती वरची बॉडी, बाहेरचं कवच. त्याबद्दल त्याला काहीही विचारा, रात्र पुरायची नाही. फक्त एका बॉडीबद्दल त्याला कोणी विचारत नाही. ज्यांना ती गोष्ट ठाऊक आहे, ते तर चित्रासमोरही थांबत नाहीत.

नव्वदनंतरची ती वर्षं. चंदर शेणव्याचा. बाप लवकर गेला, घरात आई सकुबाई आणि धाकटी बहीण जना. भाताचं शेत होतं, पण भात झोडून झालं की पुढच्या लावणीपर्यंत शेत माणसाला विचारत नाही. म्हणून चंदर किन्हवलीवरून एसटीने मुरबाडला जाऊ लागला. तिथे एमआयडीसीत एका शेडमध्ये प्लास्टिकची मोल्डिंग मशिनं होती. वरून दाणा टाकायचा, आत तो वितळायचा, डायमध्ये म्हणजे साच्यात शिरायचा, आणि दार उघडलं की गरमागरम वस्तू हातात. आधी बादल्यांच्या कड्या निघायच्या. मग शेठने कुठूनतरी टीव्हीवर खेळायच्या गेमची डाय आणली आणि कड्या बंद झाल्या.

शेडमध्ये फक्त बॉडी बनायची. आतलं मशीन, वायरी, रिमोट हे सगळं लांब कुठल्यातरी शहरात बसवत. चंदरने ते शहर पाहिलं नाही आणि बसवलेला गेमही पाहिला नाही. पण शेणव्यात कोणी विचारलं की आई सांगायची, "माझा चंदर गेमच्या कंपनीत हाय." ते 'प्लास्टिकच्या शेडमध्ये' पेक्षा कानाला बरं लागायचं. चंदरने ते कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं त्यात त्याला काही वाटलंही नाही.

पहिली बॉडी पांढरी आणि लाल होती. चंदर बघताक्षणी बोलला, "हा तर बँडवाला. फक्त टोपी राहिली." मग एक दिवस शेठने परदेशी मशीन नमुन्याला आणलं. राखाडी, चपटं, आणि वर मधोमध गोल झाकण. मूळ मशिनात झाकण उघडून आत चकती ठेवायची. शेठच्या गेममध्ये चकती नव्हतीच. आत तोच जुना कॅसेटचा गेम जाणार होता. झाकण उघडलं की खाली कॅसेट खोचायची खाच.

मंगळू जवळच्या वाडीवरचा. तो निघालेल्या बॉडीच्या कडा ब्लेडने तासायचा, आणि पाऊस सरला की वीटभट्टीवर जायचा. त्याने झाकण दोनदा उघडून बंद केलं.

"शेठ, कॅसेटच घालायची तर झाकण कशाला?"

"गिऱ्हाईक झाकण बघून घेतं," शेठ म्हणाला.

"म्हंजे बायको दाखवायची एक नि द्यायची दुसरी."

"तू कडा तास."

चंदरला मात्र झाकण मनापासून आवडलं. त्याचं म्हणणं वेगळंच होतं. परदेशातली माणसं खुर्चीवर बसतात, त्यांना गेम समोरून दिसतो. आपल्याकडे टीव्ही स्टुलावर, गेम जमिनीवर आणि माणूसही जमिनीवर मांडी घालून. म्हणजे आपल्याला गेम दिसतो वरून. मग वरचंच तोंड देखणं पाहिजे. गोल झाकण म्हणजे वरून बघणाऱ्यासाठी तोंड. फक्त त्याची स्प्रिंग त्याला पटली नव्हती. "झाकण सावकाश उठलं पायजे," तो मंगळूला सांगायचा. "म्हातारा पाटावरून उठतो तसं. हे टुणकन उठतं. टुणकन उठतं ते बेडूक."

मंगळू ऐकून घ्यायचा. त्या शेडमध्ये ऐकून घेणारा तो एकटाच.

जनाचं लग्न खर्डीच्या दिनेशशी ठरलं. मुलगा कल्याणला नोकरीला, घरी आई कमळ, आणि घरात रंगीत टीव्ही. सुपारी फुटली, चहा झाला. उठता उठता दिनेश हसत बोलला, "चंदरदादा गेमच्या कंपनीत. म्हणजे गेमचं टेन्शनच नाय आपल्याला."

सगळे हसले. चंदरही हसला. हसण्याला होकार म्हणतात, हे त्याला फार उशिरा कळलं.

लग्नाच्या आधी महिनाभर घरात रुखवत चाललं होतं. जना आणि तिच्या मैत्रिणी थर्माकोलचं देऊळ करत होत्या, लोकरीचे पोपट विणत होत्या. नारळाला डोळे-नाक लावून नवरा-नवरी झाले होते. साबणाला जरीची साडी नेसवली होती. देवळात देव नाही, पोपट बोलत नाही, साबणाने कोणी अंग धुणार नाही. रुखवत म्हणजे बघायची वस्तू. वऱ्हाडाने बघावं, वा म्हणावं, झालं. चंदरला वाटलं, आपणही आपल्या हातचं काहीतरी ठेवावं.

शेडमध्ये राखाडी दाणा संपवून निळा टाकला की मधल्या काही बॉडी ना इकडच्या ना तिकडच्या निघत. रंगात रंग मिसळून वळसे पडत. असा माल थेट दळायला जायचा. त्यातली एक बॉडी डायमधून निघाली आणि चंदरने ती हातमोजा न घालताच उचलली, बोटं पोळली तरी सोडली नाही. राखाडीतून निळी रेघ निघून गोल झाकणाभोवती फिरून पुन्हा राखाडीत बुडत होती. तशी दुसरी काढायची म्हटलं तरी निघणार नव्हती. ती त्याने घरी आणली, कडा स्वतः तासल्या, दंतमंजन लावून फडक्याने घासली. हे त्याचं डिझाइन. ना शेठचं, ना परदेशातल्या कोणाचं.

सकुबाईने ती हातात घेऊन हलवली. "रिकामी हाय?"

"बॉडी हाय आय ती. रिकामीच असते."

"लेकीला रिकामं भांडं देत नाय रे," ती बोलली. झाकण उघडून तिने आत ओंजळभर तांदूळ घातले, वर हळदीची चिमूट टाकली आणि झाकण बसवलं. हंडा असो, कळशी असो, सासरी जाणाऱ्या भांड्यात ती असंच घालायची. तिच्या लेखी हे एक झाकणाचं भांडं होतं. चंदरला त्यात वावगं काही दिसलं नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. दाखवायचं काम शेजारच्या गिरजाने अंगावर घेतलं. तिचा आवाज असा की लाउडस्पीकरवाल्याने लाजून मशीन बंद करावं.

"हे पोपट जनानं केले! हे देऊळ जनानं केलं! आणि ह्यो भावाचा टीव्ही गेम, मुरबाडवरनं, खास कंपनीतला!"

खर्डीची माणसं पुढे सरकली. एक म्हातारा वाकून बघू लागला. "ह्याला वायर कुठंय गो?"

"वायर आत घडी करून ठेवली असंल," गिरजाने परस्पर सांगून टाकलं.

चंदर दोन पावलांवर उभा होता. आत्ताच बोलायला हवं, हे त्याला कळत होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात दिनेशचा मामा झाकणावरून बोट फिरवत म्हणाला, "पण डिझाइन काय हाय! मी कल्याण बघितलं, ठाणं बघितलं. असला रंग कुठं नाय बघितला. कोणाचं डोकं हे?"

"माझं," चंदर बोलला.

ज्या कामासाठी उघडलेलं तोंड, ते राहिलंच. एवढ्या वर्षांत त्याच्या बॉडीला चांगलं म्हणणारा पहिला माणूस भेटला होता. त्याला 'ही नुसती बघायची आहे हो' असं सांगायला चंदरची जीभ वळली नाही. आणि रुखवतातलं सगळंच बघायचं असतं, हे का सांगावं लागतं?

पाचपरतावणाला जना माहेरी आली, तेव्हा चंदरने पहिलाच प्रश्न विचारला, "गेम बघितला का सगळ्यांनी?"

जनाने पायातले जोडवे नीट केले. "बघितला."

"मग?"

"त्यांचे मित्र जमले होते. टीव्ही पुढं ओढला. वायर शोधली, कुठंच मिळंना. मग ह्यांनी झाकण उघडलं नि उलटा केला. तांदूळ पडले चटईवर. हळदीचे."

"नि?"

"हसले सगळे. एवढे हसले की शेजारची माणसं बघायला आली. हे नाय हसले."

चंदरला राग आला, पण तो त्याने चुकीच्या गावाला धाडला. "रुखवतातला नारळ कोण फोडून खातं काय?"

"नारळ फोडला असता तर पाणी तरी निघालं असतं, दादा."

दुसरा गेम बाजारातून आणून देतो, असं चंदर त्या दिवशी बोलला होता. जनानेच अडवलं. आता आणून दिला तर आपण फसवलं असं कबूल केल्यासारखं होईल, असं तिला वाटलं. चंदरला ते लगेच पटलं. तो बरोबर ठरत असला की कोणतीही गोष्ट त्याला लगेच पटायची. म्हणून काहीच झालं नाही. काही न होणं किती वाढतं, ते खर्डीत जनाला कळत होतं.

कमळ तोंडाने फटकळ नव्हती. ती फक्त आल्यागेल्याला चहा देताना गोष्ट सांगायची. आमच्या सुनेच्या भावानं गेम दिला हो. वरून नक्षी, आतून तांदूळ. पुढच्या वर्षी गोष्ट लहान झाली. गेम गळाला, भाऊ गळाला आणि सून उरली. दुसरा पावसाळा गेला तरी जनाची कूस उजवली नाही. मग ती गोष्ट एकाच शब्दाची झाली. खोका. "ए खोका, पाणी आण." आधी दिनेशचे मित्र मस्करीत म्हणत. मग घरात म्हणू लागले. मग मस्करी गेली आणि शब्द राहिला.

एका सकाळी जना पिशवी घेऊन शेणव्याच्या दारात उभी राहिली. पिशवीत दोन साड्या आणि साड्यांत गुंडाळलेली ती बॉडी. दिनेशचा निरोप होता. दादाला सांग, गेम भरून दे, मग न्यायला येतो.

जनाने सगळं सांगितलं तशी सकुबाई पदर तोंडाला लावून आत गेली. आपण घातलेल्या ओंजळीचं काय झालं हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्यानंतर तिने कोणत्याही लेकीसुनेच्या भांड्यात काही घातलं नाही. चंदर त्याच दिवशी शहापूरला गेला आणि बाजारातून गेम घेऊन आला. खोक्यावर परदेशी गाडी आणि पेटता डोंगर. आत राखाडी बॉडी, गोल झाकण. त्याने ती उलटी करून तळाची खूण पाहिली. त्याच्याच मशीनवर निघालेली होती. म्हणजे आतलं सगळं रंगीत बॉडीत बरोबर बसणार. डाय एकच.

ओटीवर बसून त्याने स्क्रू काढले. एवढी वर्षं तो ज्यासाठी घर बांधत होता, तो आतला राहणारा माणूस आज दिसणार होता. वरचा भाग उचलला आणि तो बघतच राहिला.

तळहाताएवढी एक हिरवी पट्टी. तिच्यावर डांबराचा थेंब सांडावा तसा एक काळा ठिपका. कॅसेटची खाच. बाकी सगळी बॉडी रिकामी. आणि एका कोपऱ्यात डिंकाने चिकटवलेला लोखंडाचा तुकडा, कशालाही न जोडलेला.

"ते काय रे?" जनाने विचारलं.

"वजन. हातात घेतल्यावर जड लागावं म्हणून."

जना त्या तुकड्याकडे बघत राहिली. "मग आयनं काय वाईट केलं?"

चंदरला हसू आलं. जनालाही आलं. दोघं हसत सुटली, आणि मध्येच जना रडायला लागली, ती कधी लागली ते दोघांनाही कळलं नाही.

रविवारी दोघं खर्डीला गेली. जनाने लग्नातली हिरवी साडी नेसली होती. चंदरच्या मांडीवर रंगीत बॉडी, आता खरीखुरी भरलेली, आणि खिशात स्क्रू-ड्रायव्हर, काही ढिलं पडलं तर असू दे म्हणून. कमळने या म्हटलं, पाणी दिलं. दिनेशने जनाकडे बघितलं नाही. त्याची नजर गेमवरच होती, आणि ती बघून चंदरला धीर आला. त्याने स्वतः वायर टीव्हीला लावली, कॅसेट खोचली, बटण दाबलं.

पडद्यावर आधी खरखर, मग रंग, मग गाणं वाजलं. बारका माणूस विटांवरून उड्या मारत पळू लागला.

"चाललं!" दिनेशचा मित्र ओरडला. आळीतली पोरं दारात जमली. दिनेशने रिमोट घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा चंदरला 'दादा' म्हणून बोलावलं. "बसा दादा, चहा घेऊन जा." चंदर भिंतीला टेकून बसला. जना दाराशी होती, पिशवी पायाशी तशीच. आत ये, असं कोणी म्हणेल म्हणून ती उभी होती. चहा झाला. बारका माणूस कितीदा तरी मेला आणि कितीदा तरी उठला.

शेवटी चंदरच बोलला, "मावशी, मग जनाला सोडून जाऊ ना मी?"

कमळने कप उचलले. "पोर वाईट नाय हो तुमची. कामाला पण चांगली. पण घराला दिवा नको काय?" तिने कप एकात एक रचले. "आमी कसाऱ्याकडं एक बघितलीय. सगळं ठरल्यातच हाय."

"मग निरोप कशाला धाडलात?"

कमळ कप घेऊन आत वळली. चंदरने दिनेशकडे बघितलं. "दिनेशराव?"

"आई बोलली ना," दिनेश बोलला. त्याची नजर पडद्यावरच होती. बोटं थांबली नव्हती.

"नि गेम?"

"तो तर लग्नातलाच हाय. तो आमचाच."

मित्रांपैकी एक हसला आणि लगेच गप्प झाला. चंदर उठला. तो आता काय करणार, मारणार की पाया पडणार, म्हणून सगळे बघू लागले. त्याने यातलं काहीच केलं नाही. टीव्हीसमोर मांडी घातली, बटण बंद केलं आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"ओ दादा, काय करताय?"

"आतलं लग्नात कबूल केलेलं. ते ठेवा," चंदर बोलला. "बॉडी माझी हाय."

त्याने गेम उलटा केला, एकेक स्क्रू काढून शर्टाच्या खिशात टाकला. वरचा भाग उचलला, खालचा उचलला. ती हिरवी पट्टी वायरी-रिमोटासकट चटईवर ठेवली, सोललेल्या उंदरासारखी. तो उठेपर्यंत कोणी हललं नाही. मग दिनेश पुढे सरकला, पट्टीतली कॅसेट बोटाने दाबून नीट बसवली आणि बटण चालू केलं.

गाणं वाजलं. बारका माणूस पुन्हा पळू लागला.

"चालतंय रे तसंच!" दिनेश बोलला. त्याच्या आवाजात खरोखरचा आनंद होता, आणि चंदरला शिवीपेक्षा तोच जास्त लागला.

रस्त्याला येऊन दोघं जीपची वाट बघत उभी राहिली. ऊन चढलं होतं. बॉडीचे दोन भाग चंदरने एकावर एक बसवले, शर्टाच्या टोकाने पुसले.

"एकच निघाली होती अशी," तो बोलला. दुसरं काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं. "ही निळी रेघ बघ. मुद्दाम काढू म्हटलं तरी निघायची नाय."

जनाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग बोलली, "दादा, राग नको येऊ देऊ."

"काय?"

"मला ती कधीच आवडली नाय."

"कोण?"

"ही बॉडी. गढूळ पाणी सांडल्यासारखी दिसते. मांडवात ठेवलीस तेव्हाच वाटलं, वरून रुमाल तरी टाकावा."

चंदरने तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या बॉडीकडे. "मग तेव्हाच का नाय बोललीस?"

"तुला केवढा आनंद झाला होता."

जीप आली. क्लीनर 'आटगाव, आसनगाव, शहापूर' करत दार आपटत होता. जना आत चढली, सरकून तिने जागा केली. चंदर बॉडी हातात धरून खालीच उभा राहिला. क्लीनर दोनदा ओरडला, तेव्हा जनानेच त्याला दंडाला धरून आत ओढलं.